तांड्यावरची अकरा नावं

टेम्पो सकाळी आठला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी उपकेंद्राच्या मोरीत गोवराची लस ओतत होते.

हे वाक्य लिहायला मला एकोणीस वर्षं लागली. गाव सोडल्याच्या आठवणी लोक लिहितात, त्यात आईनं बांधून दिलेल्या दशम्या असतात, वेशीपर्यंत आलेली बहीण असते. माझ्याही निघण्यात ते सगळं होतं. पण तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांना मला आधी मोरीतली लस सांगायची आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. देगलूरच्या बाजूला, मांजरेच्या काठावरच्या आमच्याच गावात उपकेंद्रावर कंत्राटी नर्स होते. सासर-माहेर एकाच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर. पदरात दीड वर्षांची पूजा. ह्यांना हैदराबादला, कुकटपल्लीकडच्या एका औषधी गोळ्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. माझ्या सुटकेचा कागद मात्र अडकला होता. वैद्यकीय अधिकारी म्हणाले होते, "महिन्याचं काम वहीत पुरं दाखवा, मग कार्यमुक्त करतो."

काम पुरं व्हायला एकच ठिकाण राहिलं होतं. ओढ्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा, चार किलोमीटर चालत. अकरा लेकरांना गोवराची लस द्यायची होती. आदल्या दिवशी जाता आलं असतं. आदल्या दिवशी मी भांडी पोत्यात भरत होते.

म्हणून मी टेबलाशी बसले, वही उघडली आणि अकरा नावांपुढं एकेक करून "दिली" असं लिहिलं. तारीख घातली. सही केली. मग लसीचा साठा जुळायला हवा, म्हणून तीन बाटल्यांतल्या लसीच्या भुकटीत पाणी मिसळलं आणि त्या मोरीत रिकाम्या केल्या. पुढच्या महिन्यात नवी नर्स येईल, ती तांड्यावर जाईल, लेकरांना लस मिळेलच, असं मी मनाशी म्हटलं. तिच्यासाठी चिठ्ठी ठेवायची तर मग वहीत खोटं लिहिलं हेही सांगावं लागलं असतं. चिठ्ठी ठेवली नाही.

टेम्पोत बसताना आई म्हणाली, "तिथलं पाणी कसंय ते कळव." दादा, म्हणजे माझे वडील, पूजाला माझ्या मांडीवर देताना म्हणाले, "हैदराबाद काही परका मुलूख नाही. निजामाच्या वेळी माझा बाप कोर्टाच्या तारखेला तिथंच जायचा. रडू नको." मी रडत होते ते गाव सुटतंय म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

कुकटपल्लीला आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहिलो. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा आणि "नीळ्ळु, नीळ्ळु" अशी खालून हाक आली की सगळ्या बाया घागरी घेऊन पळायच्या. माझं पहिलं तेलुगू त्या रांगेत झालं. मग भाजीवाल्यांकडून दखनी हिंदी शिकले. 'नको'चं 'नक्को' झालं, 'हो'चं 'हौ' झालं. गावी फोन केला की आई हसायची, "बोलायला लागलीस का तुरकी?" गावी पहाटे चुलीच्या धुरानं जाग यायची, इथं खालच्या टिफिन सेंटरमधल्या डोशाच्या तव्याच्या आवाजानं. चार वर्षांत मी स्वप्नंसुद्धा मिसळून पाहायला लागले. पूजा तर तेलुगूतच भांडायची. आता ती नारायणगुडाला कॉलेजात आहे, मेट्रोनं जाते, आणि मराठी पाटी दिसली तर अक्षर अक्षर लावून वाचते. हेही मलाच तिला वाचून दाखवावं लागेल.

पहिल्या दिवाळीला गावी गेले तेव्हा अंगणवाडीच्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवी नर्स आली का हो?"

"कुठली आलीय. पद रिकामंच आहे. शेजारच्या गावची बाई येते कधीमधी, गावापुरती."

गावापुरती. म्हणजे ओढ्यापलीकडं कुणी गेलं नव्हतं. मी तेव्हा बोलू शकले असते. मी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं.

त्यानंतर ती वही माझ्या डोक्यातही मिटली. उघडू दिली नाही मी. एका नर्सिंग होममध्ये बरीच वर्षं काम केलं, मग शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली. झाडं, बस, हॉस्टेलं, नर्सिंगचं वेगळं कॉलेज, असं मोठं आवार. तिथं मी मलमपट्टी करायचे, ताप मोजायचे. मग करोना आला आणि माझं काम बदललं.

आधी फक्त करोनाच्या लसीचं सर्टिफिकेट बघायचं होतं. दोन डोस असल्याशिवाय ना विद्यार्थ्याला गेटातून आत, ना नोकरदाराला. करोना ओसरला, पण नियम राहिला आणि वाढला. हॉस्टेलला राहणाऱ्यांना आणि नर्सिंगच्या मुलांना गोवर-रुबेलाचे दोन डोस, काविळीचे तीन. मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्यांना टायफॉइडची लस. प्रयोगशाळेतल्या लोकांना आणखी काही. कागद दाखवा, नाहीतर इथं पुन्हा टोचून घ्या. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलापुढं दोन रांगा लागायच्या, एक मुलांची, एक नोकरदारांची. कायदा शिकवणारे पाटोदेकर सर, हैदराबादेतल्या जामबागच्या जुन्या मराठी घरातले, निवृत्तीला आलेले. त्यांनी रांगेत बाही वर करून दंडावरचा देवीच्या लसीचा व्रण दाखवला. "बाई, हमारा सर्टिफिकेट तो ये है. सरकारनंच कोरून दिलेलं आहे, झेरॉक्स कशी काढू?" सगळी रांग हसली. मीही हसले आणि त्यांच्या नावापुढं 'कागद नाही' असं लिहिलं. नियम मी काटेकोर पाळायचे. मॅडम म्हणायच्या, "शोभा के टेबल से झूठा पेपर नहीं जाता."

मॅडम म्हणजे डॉक्टर पद्मजा, आरोग्य केंद्राच्या प्रमुख. वरंगळच्या. कमी बोलणाऱ्या, पण बोललं की मोजून.

गेल्या वर्षी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला कविता आली. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली. रांगेत उभी राहून माझ्याशी हिंदीत बोलत होती, मध्येच एक शब्द असा आला की मी मान वर केली. 'कडंनं' म्हणाली ती. माझ्या गावाकडं म्हणतात तसं.

"कुठली गं तू?"

"देगलूर साइड, सिस्टर. तांड्यावरची."

तिनं तांड्याचं नाव सांगितलं. माझ्या हातातला शिक्का कागदावर न टेकताच राहिला. मी म्हटलं, "मी तुझ्या शेजारच्या गावची." एवढंच म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला की बघवेना. पाचशे मुलींच्या हॉस्टेलात तिला तिच्या ओढ्याअलीकडचं माणूस भेटलं होतं. त्या दिवसापासून ती मला मावशी म्हणू लागली. सुट्टीच्या दिवशी केंद्रात येऊन बसायची. आईचा फोन आला की गोरमाटीत बोलायची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तांड्यावरून नर्सिंगला आलेली ती पहिलीच. फी माफ होती, पण हजेरी आणि प्रॅक्टिकल पुरं झालं तरच. बोलताना ती मान थोडी वळवून डावी बाजू पुढं करायची. मला वाटायचं सवय असेल.

तिचा लसीचा कागद अजून आलेला नव्हता. घरचं कार्ड हरवलं होतं. शाळेत मोठी मोहीम झाली, तेव्हा ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, त्यामुळं तिथलंही काही नाही. एक डोस इथं देऊन घेतला, दुसऱ्याची मुदत यायची होती. तिचे वडील गावच्या उपकेंद्रातून जुनी नोंद काढून आणतो म्हणाले होते.

आणि मग हॉस्टेलात गोवर निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला ताप, डोळे लाल, तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ. हैदराबादेत कुणी त्याला तट्टू म्हणतं, कुणी गोबरी. मॅडमनी त्याच दुपारी आदेश काढला. त्या मजल्यावरच्या ज्या मुलींकडं दोन्ही डोसांचा पुरावा नाही, त्यांनी एकवीस दिवस हॉस्टेल आणि वर्ग दोन्ही सोडायचे. नियम योग्यच होता. पण कविता त्याच मजल्यावर राहायची, आणि तिचं हॉस्पिटलचं प्रॅक्टिकल त्याच तीन आठवड्यांत होतं. ते हुकलं तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर फीची माफीही गेली. पुन्हा आली असती असं मला वाटत नाही. तांड्यावरच्या मुलीला एकदा घरी बसवलं की लग्नच होतं.

संध्याकाळी ती धापा टाकत केंद्रात आली. "मावशी, मिळालं! बाबांनी पाठवलं!" फोनवर आलेल्या फोटोची प्रिंट तिच्या हातात होती. जुन्या वहीचं पान, त्यावर उपकेंद्राचा ताजा शिक्का. "बघा ना, गोवर दिलेली आहे. एक ती आणि एक इथली. दोन झाले ना? मी राहू शकते ना?"

पानावर माझं अक्षर होतं. 'दिली'तला दीर्घ ली मी पुढं वेलांटी लांब ओढून काढते, अजूनही तसाच काढते. अकरा वेळा दिली, दिली, दिली. सहावं नाव, कविता. वय नऊ महिने. खाली माझी सही होती, पण ती लग्नानंतरच्या आडनावाची नुसती वळवळ, कुणाला वाचता येण्यासारखी नव्हती.

"ठेव इथं," मी म्हटलं. "उद्या सांगते."

ती गेल्यावर मी तो कागद 'ठीक' लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला. मग बाहेर काढला. परत ठेवला. खरं सांगते, मी बराच वेळ हिशोब घालत बसले होते की गप्प राहिले तर कुणाचं काय बिघडतं. मुलगी राहील, प्रॅक्टिकल करील, पास होईल. आजारी पडली नाही तर सगळंच छान. आणि पडली तर? त्या 'तर'शी मी अठरा वर्षांपूर्वीही थांबले होते. तेव्हा टेम्पो उभा होता. आज काहीच उभं नव्हतं. मी कागद उचलून मॅडमच्या खोलीत गेले.

त्यांना तेलुगूत सांगितलं, म्हणजे शब्द मोजून निवडावे लागले आणि आडपडदा ठेवता आला नाही. "मॅडम, हा कागद खोटा आहे. शिक्का खरा आहे. नोंद खोटी आहे. नोंद मीच केली होती."

त्यांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मोरीचंही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग का सांगितलंस?" त्या रागानं विचारत नव्हत्या. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं.

"त्या मुलीला गोवर होऊ शकतो म्हणून."

"ते तर तेव्हाही होऊ शकत होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत लावला. "आधी मुलीला सांग. तिच्याबद्दलचं आहे, तिला माझ्याकडून कळायला नको. लेखी निवेदन उद्या दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कविताला मी आतल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं. वाक्यं मी घरून पाठ करून आले होते, तरी मध्येच तुटली. ती ऐकत होती, मान वळवून, डावी बाजू पुढं करून. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्या नर्सबाई?" मग तिनं आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. माझ्यासाठी ती आईशी मराठीत बोलली.

"याडी, मी लहान असताना मला गोवर झाला होता का?"

पलीकडून जमनाबाईंचा, तिच्या आईचा आवाज आला, शेतातून बोलत असाव्यात. "हो की. दीड-दोन वर्षांची असशील. सगळ्या तांड्यालाच निघाला होता त्या साली. तुझा कान नाही का तेव्हापासून वाहत होता. महिनाभर वाहिला. तवापासनं उजवीकडचं ऐकू येत नाही तुला. का गं?"

"काही नाही. सहज."

तिनं फोन बंद केला. मी तिच्या उजव्या कानाकडं बघत होते. इतके महिने ती माझ्यासमोर मान वळवून बसत होती आणि मी नर्स असून कधी विचारलं नव्हतं.

ती उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, "बाकीचे दहा कोण, सिस्टर?"

सिस्टर. मी प्रिंट तिच्या हातात दिली. तिनं उभ्याउभ्याच नावं वाचली. सगळी तिच्या ओळखीची होती.

पुढचं भराभर झालं. गोवर होऊन गेलेला असेल तर रक्तात कळतं, म्हणून मॅडमनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. तोवर तिला हॉस्टेलबाहेर राहावं लागलं. कविता आमच्या घरी यायला तयार नव्हती. वर्गातल्या एका मुलीच्या नातेवाइकांकडं राहिली, त्यांना सगळ्यांना लसी झालेल्या होत्या. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. तिच्या अंगात गोवराची प्रतिकारशक्ती भरपूर होती. तिचं प्रॅक्टिकल हुकलं नाही. म्हणजे माझ्या लसीनं जे मिळायला हवं होतं ते तिला आजारातून मिळालं होतं, कान देऊन. मी रिपोर्ट तिला दिला तेव्हा तिनं नुसतं "थँक्यू, सिस्टर" म्हटलं. आजही ती मला सिस्टरच म्हणते.

माझ्या निवेदनावर विद्यापीठानं मला सहा महिने कागद तपासायच्या टेबलावरून काढलं. नोकरी राहिली, ती मॅडममुळं. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयालाही मी पत्र लिहिलं, सगळं कबूल करून. दोन ओळींचं उत्तर आलं, पत्र दप्तरी दाखल केल्याचं. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मी घाई केली नसती तर..." मी म्हटलं, "लिहिलं माझ्या हातानं." पूजा मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग एकदा तिनं विचारलं, "अम्मा, मला तेव्हा गोवराची लस दिली होतीस का?" दिली होती. वेळेवर दिली होती. त्या प्रश्नाइतकं मला कशानंच लागलं नाही.

परीक्षा झाल्यावर कविता स्वतःहून केंद्रात आली. म्हणाली, "मी सुट्टीला घरी चाललेय. तुम्ही येणार का? तिथं सांगायला?"

आम्ही दोघी बसनं गेलो. मी माहेरी आधी गेले नाही, दादा आता नाहीत, आई थकलीय. तिला नंतर सांगितलं. ओढ्यावर आता पूल आहे. रिक्षानं तांड्यावर पोचायला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं.

जमनाबाईंच्या ओट्यावर बाया जमल्या. कवितानं गोरमाटीत आधी सांगितलं मी कोण ते, मग मी मराठीत बोलले. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा मध्येच उठून गेला, तो परत आला नाही. एक बाई म्हणाली, "आमाला वाटलं, तुमी लोक तांड्यावर येतच नसता." तिला राग नव्हता त्याचा, आणि तेच ऐकवत नव्हतं. मग नावं निघाली. कविता वाचत होती, बाया सांगत होत्या. हा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर. ही बिदरला दिली, दोन लेकरं आहेत. हा तर तुमच्याच कुकटपल्लीला, इमारतीच्या कामावर. चौथं नाव आलं. गणेश.

मग ओट्याच्या टोकाला बसलेली बाई म्हणाली, "माझा." तिचं नाव सीताबाई.

गणेश त्याच गोवराच्या साली गेला होता. आधी पुरळ, मग हगवण. दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली होती. ती हे सांगताना रडली नाही, मीच रडले, आणि मला त्याची लाज वाटली.

"त्याचं नाव आहे तिथं?" तिनं विचारलं. "त्या कागदावर?"

कवितानं प्रिंट तिच्यापुढं धरली आणि बोट ठेवलं. "हे बघ काकी. गणेश. वय अकरा महिने. आईचं नाव सीताबाई."

"माझं बी नाव आहे?"

"हो."

सीताबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. गणेश घरी जन्मला होता. त्याचा दाखला नव्हता, फोटो नव्हता. रेशन कार्डावर नाव चढायच्या आधीच तो गेला. अख्ख्या जगात तो होता हे लिहिलेलं एवढं एकच ठिकाण होतं, आणि ते मी टेम्पोच्या घाईत खोटं लिहिलेलं पान होतं.

"मला देता का हा?"

मी दिला. तिनं घडी केली, पदराच्या टोकात बांधली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू तवा आली असतीस तर." वाक्य तिनं पुरं केलं नाही, आणि माझ्या जन्मात ते कुणी पुरं करू नये.

आता तिथल्या उपकेंद्रावर नवी, चांगली मुलगी आहे, नर्स. तांड्यावर ती नेमानं जाते, पण ऊसतोडीला गेलेल्या घरांची लेकरं तिच्याही हातून निसटतात. ती घरं परत येतात त्या सुमाराला मी रजा काढून जाते. माझ्या हातात आता ना लसीचा डबा असतो ना वही. मी नुसती घरोघर जाऊन आयांना बोलावते, रडणाऱ्या लेकरांना धरते, कुणाच्या कार्डावर काय राहिलंय ते त्या मुलीला सांगते. कविता सुट्टीत असली की तीही येते. कुकटपल्लीच्या इमारतीवरचा तो मुलगा एकदा मला शोधत आमच्या घरी आला, त्याच्या बायकोला दिवस गेले होते. लसीचं काय काय करायचं असतं ते त्यानं वहीत लिहून नेलं.

पूर्वी हैदराबादेत कुणी "मी ऊरु एदि?" म्हणजे तुमचं गाव कुठलं, असं विचारलं की मी नुसतं "नांदेड साइड" म्हणायचे आणि विषय संपवायचे. गाव म्हणजे आईचा फोन, दिवाळीचे चार दिवस, चांगलं तेवढं आठवायचं ठिकाण, असं करून ठेवलं होतं मी. तुमच्यातल्या पुष्कळांनी तसंच करून ठेवलं असेल, म्हणून सांगते. ज्या गावात आपण काय केलं हे कुणालाच ठाऊक नाही, तिथं आपण पाहुणेच असतो.

मागच्या खेपेला तांड्यावर एक नवी सून पोर कडेवर घेऊन उभी होती. लस द्यायला घाबरत होती, मला ओळखत नव्हती. "बाई, तुमी कुटल्या?" तिनं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी शेजारच्या दारातून सीताबाई बोलली.

"इथलीच हाय ती. हैदराबादला राहती."

तिच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं तिनं, आणि हातातलं धान्य पाखडत राहिली. सुनेनं पोर माझ्याकडं दिलं.